वायर लावूनही ड्राइव्ह दिसत नाही: ई-पेपर टॅबवर मराठी कागदपत्रं कशी चढवावीत

प्रश्न असा आला आहे: "मी महाविद्यालयात मराठी शिकवते. पडद्यावर प्रबंध वाचून डोळे चुरचुरतात म्हणून मुलाने रीमार्केबल २ हा कागदासारख्या पडद्याचा, पेनाने लिहायचा टॅब घेऊन दिला. लॅपटॉपला वायर लावली की चार्जिंग सुरू होतं, पण पेनड्राइव्हसारखं काहीच उघडत नाही. विद्यार्थ्यांची प्रकरणं वर्डमध्ये येतात, जुन्या नियतकालिकांची स्कॅन आहेत, थोडी ई-पुस्तकं आहेत. हे सगळं टॅबवर कसं घालायचं? मी केलेल्या खुणा विद्यार्थ्याकडे परत कशा पाठवायच्या? एक फाइल कशीबशी चढली, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ते का?"

ताई, टॅब बिघडलेला नाही. रीमार्केबल वायरीने जोडला तरी पेनड्राइव्हसारखा उघडत नाही, त्याची घडणच तशी आहे. उपाय सोपा आहे, खाली देतो.

आधी मी कोण ते सांगतो. पुण्यात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करतो. तेवीस वर्षं कागदावर लाल पेन चालवलं, गेली चारेक वर्षं प्रुफं अशाच टॅबवर वाचतो. ओळखीच्या लेखक-संपादकांचे टॅब लावून देणं हा आता बिनपगारी जोडधंदा झालाय. फाइल चढवणं दोन मिनिटांचं काम आहे. खरा वेळ द्यायचा तो चढवण्याआधी, लॅपटॉपवर पान नीट करायला. लोक नेमका तोच वाचवतात आणि मग टॅबला नावं ठेवतात.

तर वायर. ती लावा, टॅब जागा करा, पासकोड ठेवला असेल तर टाका. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' नावाचं पान आहे. तिथे 'यूएसबी वेब इंटरफेस' असं बटण दिसेल, ते चालू करा. आता लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून वरच्या पट्टीत १०.११.९९.१ हा पत्ता टाका. आकडे अर्थात इंग्रजी कळांनीच, मधली टिंबंही साधी पूर्णविरामाची. एंटर मारलं की टॅबमधल्या फाइलींची यादी ब्राउझरमध्ये उघडते. लॅपटॉपवरची पीडीएफ माउसने उचलायची आणि त्या पानावर नेऊन सोडायची. थोड्याच वेळात ती टॅबवर दिसते. इंटरनेट लागत नाही आणि महिन्याची वर्गणीही लागत नाही.

आत काय घडतं ते माहीत असलं की अडल्यावर घाबरायला होत नाही. वायर जोडल्यावर हा टॅब लॅपटॉपला सांगतो की मी नेटवर्क आहे. मग त्या दोघांपुरतं एक चिमुकलं जाळं तयार होतं आणि टॅब त्यावर स्वतःची छोटी वेबसाइट चालवतो. तो पत्ता म्हणजे त्या वेबसाइटचं घर. म्हणून 'माय कॉम्प्युटर'मध्ये कितीही शोधलं तरी ड्राइव्ह सापडणार नाही.

पान उघडत नसेल तर बहुतेक वेळा दोष वायरीचा असतो. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जातच नाही. एका संपादकांच्या घरी मी पाऊण तास लॅपटॉप उघडा-बंद करत बसलो होतो. शेवटी कळलं, वायर दिवाळीत भेट मिळालेल्या पॉवरबँकची होती. टॅबबरोबर आलेली मूळ वायर वापरा आणि तिला एखादा रंगीत दोरा बांधून ठेवा. दुसरी शक्यता ब्राउझरच्या आगाऊपणाची. तो पत्त्याच्या आधी आपणहून 'एचटीटीपीएस' लावतो, तिथे शेवटचा 'एस' नको असतो. आणि कॉलेजच्या कामासाठी लॅपटॉपवर व्हीपीएन (इंटरनेटची वाट वळवणारी सोय) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

या दारातून फक्त पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तकांचा फाइलप्रकार) आत जातात, आणि एका फाइलचं वजन १०० एमबीच्या आत लागतं. वर्डची फाइल तशीच ढकलली तर टॅब ती घेणार नाही.

दुसरा रस्ता कंपनीच्या ॲपचा. विंडोज आणि मॅकसाठी ते मिळतं. खातं उघडायचं, टॅब त्या खात्याला जोडायचा, मग ॲपच्या खिडकीत फाइल टाकली की वायफायवरून टॅबवर उतरते. रोजच्या वापराला हे जास्त सोयीचं, वायर शोधायला नको. तिसरा रस्ता गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह टॅबला जोडण्याचा. यात एक गैरसमज हमखास होतो. ड्राइव्हमधून टॅबवर आणलेली फाइल ही प्रत असते. तुम्ही तिच्यावर लिहिलेलं ड्राइव्हमधल्या मूळ फाइलवर आपोआप उमटत नाही, ते वेगळं पाठवावं लागतं.

आता माझं मत. विद्यार्थ्याचा अप्रकाशित प्रबंध, परीक्षकाचा अहवाल, प्रश्नपत्रिकेचा मसुदा, असलं काही असेल तर फाइल वायरीनेच टाका. आणि तोच टॅब ॲपच्या खात्याशी जोडला असेल तर टॅबवर आलेली फाइल पुढे क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हेही लक्षात ठेवा. गोपनीय कागदांसाठी मी टॅबचं वायफाय बंद करतो, काम करतो, खुणांसकट फाइल उतरवून घेतो, टॅबवरची पुसतो आणि मगच वायफाय चालू करतो. प्रकाशकाने विश्वासाने दिलेलं हस्तलिखित परक्याच्या कोठीत नको, एवढाच त्यामागचा विचार.

आता मुख्य गोष्ट, पान.

तुमच्या टॅबचा पडदा कर्णात १०.३ इंचांचा. म्हणजे रुंदी साधारण १५७ मिलिमीटर आणि उंची २०९. विद्यार्थी पाठवतात ते ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७. हे पान पडद्यावर पूर्ण मावायचं तर ते सत्तर टक्क्यांवर येतं. विद्यार्थ्याने १२ पॉइंटात टाइप केलेलं तुम्हाला साडेआठ पॉइंटाच्या आसपास दिसतं. त्या आकारात इंग्रजी कसंबसं वाचता येईल. मराठीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षरांची दाटी. 'दृष्टी' आणि 'दृष्टि' यांतला फरक साडेआठ पॉइंटात डोळे बारीक केल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांसाठी म्हणून घेतलेल्या यंत्रावर डोळे ताणत बसायचं, मग काय उपयोग?

उलट ए-फाइव्ह पान घ्या: १४८ बाय २१०. पडद्याची उंची आणि या पानाची उंची जवळजवळ सारखीच. म्हणजे ए-फाइव्हवर १२ पॉइंटात असलेलं अक्षर पडद्यावरही १२ पॉइंटाचंच दिसतं. आणि आपली डेमी आकाराची पुस्तकं, साडेपाच बाय साडेआठ इंचांची, तीही किंचितच आखडतात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कादंबरीची दुसरी प्रुफं वाचताना. त्याच लेखकाचं आधीचं छापील पुस्तक टेबलावर होतं. सहज उघडून टॅबशेजारी ठेवलं. ओळीची लांबी तीच, अक्षराचा आकार तोच, पानाखालचा आकडासुद्धा त्याच उंचीवर. प्रूफ वाचणाऱ्याला याहून काय हवं? चुका सापडतात त्या छापील पानाच्या मापात वाचल्यावर. लॅपटॉपवर दीडशे टक्के करून वाचलं तर अक्षरं स्पष्ट दिसतात, पण ओळ एकसंध दिसत नाही आणि दुबार पडलेला शब्द निसटतो.

म्हणून वर्डची फाइल आली की लेआउटमध्ये जाऊन कागदाचा आकार ए-फाइव्ह करायचा, समास चारही बाजूंनी १२ ते १५ मिलिमीटर, अक्षर १३ पॉइंट, ओळींमध्ये दीडपट अंतर. लिबरऑफिसमध्येही हेच 'पेज स्टाइल'खाली मिळतं. मग 'सेव्ह ॲज पीडीएफ'. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढून तिच्यावर करा. दीडपट अंतर एवढ्यासाठी की दोन ओळींच्या मधे पेनाने दुरुस्ती लिहिता यावी.

पण थांबा. प्रबंधाच्या बाबतीत यात एक फास आहे. पानाचा आकार बदलला की पानांचे आकडे बदलतात. तुम्ही "पान ८७ वरचं अवतरण तपासा" म्हणाल, विद्यार्थ्याच्या प्रतीत ते पान ५२ वर असेल, आणि दोघं फोनवर एकमेकांना दोष देत बसाल. पहिल्या कच्च्या मसुद्याला हे चालतं, तिथे तुम्ही मजकूर वाचता, आकडे नाहीत. पण सूची आणि संदर्भांसकट आलेल्या शेवटच्या प्रतीचं पान मोडू नका. तिथे कापणी करायची.

कापणी म्हणजे पीडीएफच्या पांढऱ्या कडा छाटणं. प्रबंधात बांधणीसाठी डावीकडे दीड इंच आणि बाकी तिन्ही बाजूंना एकेक इंच सोडलेला असतो, असं धरू. तो पांढरा भाग गेला तर मजकुराचा ठोकळा उरतो पावणेसहा बाय पावणेदहा इंचांच्या आतबाहेर. तो पडद्यावर सत्तरऐवजी पंचाऐंशी टक्क्यांना बसतो आणि १२ पॉइंटाचं अक्षर १० च्या आसपास दिसतं. साडेआठ आणि दहा यांत फरक किती, ते चष्मा लावणाऱ्याला विचारा. यासाठी ब्रिस नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते सगळी पानं एकावर एक ठेवून त्यांची सावली दाखवतं, सम आणि विषम पानं वेगवेगळी. त्या सावलीभोवती चौकट आखायची की सगळ्या पानांची एकदम कापणी होते. खालचा पानाचा आकडा चौकटीच्या आत ठेवा. मी एकदा तो बाहेर ठेवला आणि दोनशे पानांच्या टिपा आकड्यांविना लिहिल्या. पुढे त्या जुळवण्यात अख्खा रविवार गेला.

कापणीचा तोटाही आहे. समास गेला की लिहायला जागा गेली. माझा तोडगा असा: उजवीकडचा समास अर्धा राखायचा, बाकी तिन्ही छाटायचे. तेवढ्या पट्टीत मुद्रितशोधनाच्या खुणा मावतात. मोठी टीप असेल तर टॅबवर त्याच फाइलमध्ये कोरं पान घालता येतं. टॅबवरच 'ॲडजस्ट व्ह्यू' नावाची सोयही आहे, तिथेही पान ताणून कडा पडद्याबाहेर ढकलता येतात. दहा-पंधरा पानांच्या लेखाला ते पुरेसं आहे. प्रबंधाला मी लॅपटॉपवरच कापणी करतो.

आता तुमचे चौकोन. फाइल कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज की ती ईपब असणार. पीडीएफ आणि ईपब यांत एक मूलभूत फरक आहे. नीट बनवलेल्या पीडीएफमध्ये अक्षरांचे साचे, म्हणजे फाँट, फाइलच्या पोटातच असतो. टॅबला मराठी येवो न येवो, तो साच्यावरून अक्षर काढून दाखवतो. ईपबमध्ये बहुधा नुसता मजकूर असतो आणि अक्षरं यंत्राने आपल्या पेटीतली वापरायची असतात. त्या पेटीत देवनागरी नसेल तर चौकोन. कधी देवनागरी असते, पण जोडाक्षरं जुळवायची अक्कल नसते. मग 'कऱ्हाड'चा र आणि ह सुटे पडतात किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाऊन बसते.

नवं यंत्र हातात आलं की मी एका ओळीची चाचणी घेतो. ती ओळ अशी: "कऱ्हाडच्या दुसऱ्या ॲडव्होकेटने ऱ्हस्व उकार शुद्ध लिहिला." वाक्याला काही अर्थ नाही, पण मराठीच्या सगळ्या खोड्या त्यात आहेत. चंद्रकोरी र दोन तऱ्हेचा, पहिल्याच शब्दात ऱ्ह. ॲ आहे, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि जुन्या फाँटांत सापडत नाही. 'द्ध' आहे. शिवाय श आणि ल आहेत. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवून दिलेला आहे, पण बरेच फाँट हिंदी वळणाचे दाखवतात. ही ओळ ईपबमध्ये धड दिसली तर त्या यंत्रावर ईपब वाचायला हरकत नाही. नाही दिसली तर त्याच्याशी झगडत बसू नका, लॅपटॉपवर पीडीएफ बनवा.

त्यासाठी कॅलिबर. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. ईपब त्यात टाका, 'कन्व्हर्ट' दाबा, बाहेर पडणारा प्रकार पीडीएफ निवडा. पीडीएफच्या पानावर कागदाचा आकार ए-फाइव्ह, अक्षराचं घराणं म्हणून तुमच्या लॅपटॉपवरचा चांगला मराठी फाँट. मी 'मुक्त' नावाचा फाँट वापरतो, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा, त्याचंही 'मीडियम' वजन. बारीक रेषेचे फाँट कागदावर देखणे दिसतात, पण ई-पेपरवर राखाडी पडतात. किंचित ठसठशीत असलेलं बरं. विकत घेतलेल्या काही ई-पुस्तकांना दुकानाने कुलूप घातलेलं असतं. ती या मार्गाने जात नाहीत, ती त्या दुकानाच्या यंत्रावर किंवा ॲपमध्येच वाचायची.

ईपब नको म्हणण्याचं माझं दुसरं कारण वैयक्तिक आहे. माझ्या पहिल्या टॅबवर, तो वेगळ्याच कंपनीचा होता, एका अनुवादाची साठेक पानं मी ईपबवर तपासली. लाल शाई नव्हती, पण खुणा सगळ्या नेमक्या. संध्याकाळी डोळे दमले म्हणून अक्षर एक पायरी मोठं केलं. ओळी खाली सरकल्या, शाई होती तिथेच राहिली. 'इथे दीर्घ' म्हणून केलेली खूण एका निष्पाप अनुस्वारावर जाऊन बसली. अक्षर पुन्हा लहान केलं तरी सगळं जागेवर आलं नाही. तेव्हापासून वाचायचं असेल तर ईपब चालेल, लिहायचं असेल तर पीडीएफच, हा माझा नियम आहे.

चौकोनवाली फाइल पीडीएफ निघाली तर? लॅपटॉपवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून 'प्रॉपर्टीज'मधलं 'फाँट्स' पाहा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' असं लिहिलेलं हवं. नसेल तर फाँट पोटात नाही, विद्यार्थ्याला पीडीएफ नव्याने बनवायला सांगा. त्याच्या लॅपटॉपवर नीट दिसतं कारण तिथे तो फाँट बसवलेला आहे. हे त्याला पटायला वेळ लागेल.

याच्याच शेजारचं दुखणं जुन्या फाँटांचं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांच्या काळातल्या फाइली अजून फिरतात. त्यांत खरं तर मराठी मजकूर नसतोच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. श्रीलिपीच्या एका जुन्या फाँटात 'मराठी' हा शब्द लिहून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. खाली आडवी रेघ, मग छोटा ए, छोटा एम, मोठा आर, बाणाचं टोक, शेवटी छोटा आर, अशी रांग उमटते. अशी वर्ड फाइल तुमच्याकडे ते सॉफ्टवेअर नसताना उघडली तर हेच दिसणार, आणि तिच्यापासून ईपब केलं तर त्यातही हेच. पण ज्याच्याकडे फाँट आहे त्याने केलेली पीडीएफ टॅबवर झकास दिसते. तेव्हा जुन्या फाँटातलं काम करणाऱ्या विद्यार्थ्याकडून वर्ड मागू नका, पीडीएफ मागा, आणि तीही ए-फाइव्हवर काढलेली. ती तो विनातक्रार पाठवतो, पानांचे आकडे दोघांकडे एकच राहतात, आणि तुमचं काम वाचतं.

जुन्या नियतकालिकांची स्कॅन हा वेगळा उद्योग. बहुतेक स्कॅन अशी असतात: दोन पानं एकत्र, पिवळट रंगासकट, मधल्या शिवणीची काळी सावली, थोडी तिरकी, आणि वजन पावणेदोनशे एमबी. टॅबचा पडदा राखाडी छटांचा आहे, त्याला तो पिवळा रंग कळत नाही, त्याची नुसती करडी घाण दिसते. पडद्याची घनता इंचाला २२६ ठिपक्यांची. तेव्हा ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपक्यांचं) रंगीत स्कॅन टॅबवर म्हणजे पानं उलटताना ताटकळत बसणं. मूळ स्कॅन जपून ठेवा, पण वाचायची प्रत वेगळी काढा. स्कॅन टेलर हे सॉफ्टवेअर दोन पानं सुटी करतं, सरळ करतं, कडा छाटतं, पार्श्वभूमी पांढरी करतं. ते चित्रांवर चालतं, म्हणून पीडीएफमधली पानं आधी चित्रं म्हणून बाहेर काढावी लागतात. मजकुराची पानं निव्वळ काळी-पांढरी, ३०० डीपीआय. चित्रं किंवा फोटो असलेली पानं तेवढी राखाडी. शेवटी ती चित्रं पुन्हा एका पीडीएफमध्ये जोडायची. इतकं केलं की शंभर पानांचा अंक बहुधा १०० एमबीच्या खूप आत येतो.

काळं-पांढरं करताना उंबरठा, म्हणजे किती फिकट ठिपका पांढरा धरायचा ती मर्यादा, फार कडक ठेवू नका. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वाराचं टिंब पुसट असतं. कचरा साफ करणारं सॉफ्टवेअर त्या टिंबाला धूळ समजतं आणि उडवतं. 'त्यांनी'चं 'त्यानी' होतं. अभ्यासकाच्या हातात असा अंक गेला तर तो त्या काळच्या लेखनपद्धतीवर निष्कर्ष काढून मोकळा होईल. ही साफसफाई करणारं 'डीस्पेकल' बंद ठेवा किंवा सगळ्यात सौम्य ठेवा.

स्कॅनमध्ये शब्द शोधायचा असेल तर टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मराठी वाचतं. ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून, मजकूर चित्राच्या मागे अदृश्य थरात बसवता येतो. स्वच्छ छपाईवर काम चांगलं होतं, खिळ्यांच्या झिजलेल्या छपाईवर सगळं हाताने तपासावं लागतं. शोधाशोध मी लॅपटॉपवर करतो, टॅबवर फक्त वाचतो.

फाइलींच्या नावांबद्दल दोन वाक्यं. विद्यार्थी 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशी नावं देतात. टॅबवर चढवण्याआधी नाव बदला: आडनाव, प्रकरण, मग तारीख, आणि तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. त्याच नावाची सुधारित फाइल पुन्हा चढवली तर जुनीवर ती लिहिली जात नाही, दोन वेगळ्या नोंदी होतात. हे चांगलंच आहे, तुमच्या जुन्या खुणा शाबूत राहतात. पण नावं सारखी असतील तर कुठली कुठली ते कळत नाही.

परतीचा प्रवास. वायरीच्याच त्या ब्राउझरच्या पानावर प्रत्येक फाइलीसमोर उतरवून घ्यायची सोय आहे. तिथून खुणांसकट पीडीएफ लॅपटॉपवर येते. ॲपमधूनही निर्यात होते, आणि टॅब वायफायवर असेल तर तिथूनच विद्यार्थ्याला ईमेल करता येतो. विद्यार्थ्याला मिळणारी फाइल म्हणजे तुमच्या हस्ताक्षरासकट पान. तो ती वर्डमध्ये 'ॲक्सेप्ट' दाबून पूर्ण करू शकत नाही, प्रत्येक दुरुस्ती त्याला वाचून हाताने करावी लागते. मला विचाराल तर प्रबंधाच्या बाबतीत तेच हितावह. मराठी हस्ताक्षराचं आपोआप टाइप होईल अशा आशेवर मात्र राहू नका. लांब शेरे मी टॅबवर फक्त आकडा घालून खूण करतो आणि लॅपटॉपवर त्या आकड्यापुढे टाइप करतो.

कुणी तुम्हाला एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून आज्ञा टाइप करून टॅबच्या आत शिरून फाइली टाकायला सांगेल. रीमार्केबल २ वर ते शक्य आहे, पासवर्डही सेटिंग्जच्या मदतीच्या पानांत दिलेला असतो. आत गेल्यावर एकाही फाइलीला तिचं नाव नसतं, आकडे-अक्षरांच्या लांबलचक साखळ्या असतात आणि प्रत्येकीच्या जोडीला दोन-तीन छोट्या फाइली. तुम्हाला त्याची गरज नाही. पेपर प्रो या नव्या टॅबवर तर त्यासाठी आधी डेव्हलपर मोड लावावा लागतो आणि तो लावताना टॅबवरचं सगळं पुसलं जातं.

तुमच्या सहकाऱ्यांकडे दुसरी यंत्रं असतील तर वरचं सगळं पानापुरतं लागू आहे, फक्त दार वेगळं. किंडल स्क्राइबला 'सेंड टू किंडल'ने पाठवावं, म्हणजे वेबसाइटवरून किंवा किंडलच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावर. ज्या ईमेलवरून पाठवणार तो ॲमेझॉनच्या खात्यात 'मंजूर' यादीत आधी घालावा लागतो. "पाठवलं पण आलंच नाही" या तक्रारीत मी सगळ्यात आधी तेच बघतो. ईपब वायरीने किंडलमध्ये नुसतं टाकून उघडत नाही, ते याच रस्त्याने जायला हवं. 'बूक्स' (Boox) या कंपनीचे टॅब अँड्रॉइडवर चालतात. वायरीने जोडले की फोनसारखे दिसतात, मॅकवर मात्र त्यासाठी वेगळं ॲप लागतं. त्यापेक्षा त्यांचं बूक्सड्रॉप सोपं: टॅबवर दिसणारा पत्ता त्याच वायफायवरच्या लॅपटॉपमध्ये टाकायचा. कोबो सरळ पेनड्राइव्हसारखा उघडतो. त्यात 'फाँट्स' नावाचा फोल्डर करून स्वतःचा मराठी फाँट टाकता येतो, मला त्याचा हेवा वाटतो. फक्त वायर काढण्याआधी 'इजेक्ट' करायला विसरू नका.

तुम्ही आज एवढंच करा. वर्डमध्ये ए-फाइव्ह पान घ्या, माझी कऱ्हाडची ओळ ११, १२, १३ आणि १४ पॉइंटात टाइप करा, पीडीएफ काढून वायरीने चढवा. संध्याकाळच्या दिव्यात, नेहमीच्या खुर्चीत बसून बघा कुठला आकार सुखाचा वाटतो. तो आकडा विद्यार्थ्यांना कळवा, पुढच्या प्रकरणापासून त्यांनी त्यातच पाठवायचं. चौकोनवाली फाइल ईपब असेल तर कॅलिबरचा रस्ता वर दिलाच आहे. पीडीएफ असेल तर 'फाँट्स'च्या यादीत कुठली नावं दिसतात ती मला लिहून पाठवा, त्यावरून ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली आहे ते सांगता येईल.